परचीवरची दुसरी ओळ

१

परची जागेवर नव्हती, आणि तिच्यावर ठेवलेला लोखंडाचा ठोकळाही नव्हता.

प्रेमलाल रामटेकेने टेबलाचे दोन्ही खण उपसले, कपाट उघडलं, टेबलाखाली गुडघ्यावर बसून पाहिलं. टेबल ओलं होतं. शाईची दौत लवंडली होती. बाकी सगळं जागच्या जागी होतं. नेमकी जी वस्तू हवी तीच नव्हती, आणि तिच्यासोबत दोन हातांनी उचलावा लागणारा रुळाचा तुकडाही गेला होता.

१९६७ चा एप्रिल होता. बालाघाट जिल्ह्यात, बैहरच्या पुढे, सालाच्या जंगलात मोकळ्या केलेल्या एका धावपट्टीवर सर्वेचा कॅम्प पडला होता. दोन इंजिनांचं विमान वरून जमिनीचे फोटो काढायचं आणि त्या फोटोंवरून खाली कुठे कोणतं खनिज दडलंय ते मोठी माणसं ठरवायची. प्रेमलाल तिथला हवामान निरीक्षक. पारा पाहायचा, पाऊस मोजायचा, ढग ओळखायचे आणि प्रत्येक उड्डाणाआधी एका कागदावर आकाशाची हकिगत लिहायची, हे त्याचं काम. त्या कागदाला सगळे परची म्हणत. वैमानिकाने ती वाचायची, खाली सही करायची आणि मगच विमानाकडे जायचं. परची ऑफिसात राहायची. तिची दुसरी प्रत नसायची.

मंगळवारी सकाळी परचीवर प्रेमलालने दोन ओळी लिहिल्या होत्या, हे तो शपथेवर सांगायला तयार होता. पहिली: 'मेघगर्जना नाही.' दुसरी: 'चौदा ते सोळा हजार फुटांत राखी ढगात शिरू नये, रेडिओत खरखर वाढल्यास ताबडतोब खाली यावे.'

कॅप्टन भरूचांनी सही केली, विमान नऊला उडालं. साडेअकराला त्याच्यावर वीज पडली. रेडिओ मेला, होकायंत्र बिघडलं आणि कॅमेऱ्यावर बसलेल्या महागू शेंडेचा उजवा हात पोळला. दिशा कळेना, तेव्हा भरूचांनी बंजर नदी शोधली, तिचं बोट धरून कॅम्प गाठला आणि सव्वाबाराला विमान उतरवलं. भरूचा, महागू आणि एक मेकॅनिक, तिघंही जिवंत परत आले, याचा आनंद कॅम्पला जेमतेम तासभर मिळाला. मग विचारणा सुरू झाली.

"उसमें एक ही लाइन थी," कॅप्टन म्हणाले. "गर्जना नहीं है, बस. मुझे अच्छी तरह याद है."

आणि परची तर गायब. कॅम्पचे प्रमुख माथुर साहेब हे माणूस म्हणून वाईट नव्हते, पण त्यांना सरळ उत्तरं आवडायची. सरळ उत्तर त्यांच्यासमोर उभंच होतं.

"देखो रामटेके, कागद हवा ले जा सकती है. लोहा हवा नहीं ले जाती," ते म्हणाले. "मतलब किसी के हाथ ने उठाया. फायदा किसका? तुम्हारा. चेतावनी तुमने दी नहीं, दूसरी लाइन बाद में सोची, और परची गायब कर दी. लोहा इसलिए हटाया कि चोरी लगे."

"साहेब, मी असं काहून करीन जी?"

"नौकरी बचाने के लिए."

नोकरी टेंपररी होती. मे महिन्यात पक्की व्हायची होती. प्रेमलालचा बाप राजेगावचा कोतवाल. पाटलाच्या, पटवाऱ्याच्या चिठ्ठ्या उन्हातान्हात या गावाहून त्या गावाला पोचवण्यात त्याचा जन्म गेला, आणि त्यातली एकही चिठ्ठी त्याला वाचता आली नव्हती. मुलगा आता स्वतः चिठ्ठ्या लिहितो आणि त्या वाचून विमानं उडतात, हे तो राजेगावच्या नाक्यावर थांबणाऱ्या प्रत्येक बसच्या कंडक्टरला सांगत असे.

"शनिवारी जीपने माझा रिपोर्ट जाईल," माथुर साहेब हिंदीतच म्हणाले. "पण या विषयातला मी जाणकार नाही. कटंगीला एक रिटायर्ड माणूस आहे, त्याला बोलावलंय. त्यानेही हेच म्हटलं, तर तू घरी."

२

तो रिटायर्ड माणूस गुरुवारी सकाळी बसमधून उतरला तेव्हा प्रेमलालचा उरलासुरला धीरही सुटला. पुनाराम लांजेवार. नागपूरच्या हवामान खात्यात तीस वर्षं, आता कटंगीला धानाची शेती. धोतर, काळी छत्री, खिशात पितळी होकायंत्र. दिसायला एखाद्या लग्नाला लवकर येऊन बसलेल्या मामासारखा. आल्या आल्या त्याने पहिला प्रश्न विचारला तो जेवणाचा.

"इथं रांधते कोण?"

"तुळसाकाकी," प्रेमलाल म्हणाला. "महागूची माय. ज्याचा हात पोळला त्याची."

"पोरगा कुठी आहे?"

"बालाघाटले, दवाखान्यात. सुधरून राह्यला. शनिवारी येते म्हणतात."

"अन् काकी तुह्यासंग बोलते?"

प्रेमलालने मान खाली घातली. तेच तर त्याला सगळ्यात जास्त लागलं होतं. मंगळवारपासून तुळसाबाई त्याला वाढायची, पण नजर वर करायची नाही. एरवी 'बाबू, अजून भात घे' म्हणत ताट भरणारी बाई त्याला पाहिलं की पदर तोंडाला लावून चुलीकडे वळायची. पोराचा हात याच्यामुळे पोळला असं तिला वाटत असणार, आणि आईला तसं वाटलं तर तिचं काय चुकलं?

"हं," पुनाराम म्हणाला. "आता मंगळवारचं सांग. हळू सांग. मले ऐकाले टाइम लागते."

प्रेमलालने सांगितलं. साडेअकराला रेडिओ बंद पडला तसे सगळे धावपट्टीकडे पळाले. ऑफिस उघडं टाकून तोही पळाला. वर पाहत उभे होते, तेवढ्यात पहिली गर्जना ऐकू आली, मग गारा. सगळे पेट्रोलच्या शेडखाली शिरले. गारा थांबल्या, विमान दिसलं, उतरलं. महागूला जीपमध्ये घालून तो ऑफिसात परतला तर टेबल हे असं.

"गारा कवा पडल्या?"

प्रेमलालने खिशातली छोटी वही काढून दिली. त्यात पेन्सिलीने लिहिलं होतं: 'पहिली गर्जना ११.४२. गारा ११.५० ते ११.५७, बोराएवढ्या. वारा सकाळपासून पश्चिमेचा. ११.५२ ला उलटला, पूर्वेचा, फार जोराचा.'

पुनारामने ते पान दोनदा वाचलं.

"विमान हरपलं होतं, तुहे संगी वर होते, डोक्यावर गारा पडून राह्यल्या होत्या, अन् तू शेडखाली उभा राहून घड्याळ पाहून लिहीत होता?"

"सवय आहे जी."

"चांगली सवय आहे." म्हातारा हे एवढंच म्हणाला, पण मंगळवारपासून प्रेमलालशी कोणी बरं बोललं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला तो खिडकीकडे वळला.

"टेबलावर आता हा दगड आहे. रुळाचा तुकडा किती जड होता?"

"पाच-सहा शेर असंल जी. तो गेला तवापासून कागदावर मँगनीजचा दगड ठेवतो."

"परचीसाठी चोर आला असता, तर लोखंड बाजूले सरकवून कागद घेऊन गेला असता." पुनारामने छत्री उचलली. "पण मले वाटते, लोखंडासाठीच कोणीतरी आलतं."

३

कॅप्टन भरूचा विमानाच्या पंखाखाली खुर्ची टाकून बसले होते. उंच, पांढऱ्या मिशांचा पारशी गृहस्थ. त्यांना राग आला होता, पण तो प्रेमलालवर की स्वतःवर हे त्यांना अजून ठरवता आलं नव्हतं.

पुनारामने आधी विमानाला प्रदक्षिणा घातली. नाकावर काळा डाग होता, शेपटीच्या टोकाला पैशाएवढं भोक. त्याने खिशातलं होकायंत्र काढून शेपटीच्या पोलादी बोल्टांपाशी धरलं. काटा गर्रकन फिरला.

"नाकातून शिरली, शेपटीतून गेली," तो म्हणाला, "आणि जाता जाता तुमच्या विमानातल्या पोलादाचं चुंबक करून गेली. म्हणून होकायंत्र फसवत होतं. नदी धरून आलात ते फार शहाणपणाचं केलंत, साहेब." हे त्याने चक्क पुस्तकी मराठीत म्हटलं. साहेबांशी बोलताना तो तसं बोलायचा. कॅप्टनना मराठी कळायचं.

"त्या वेळी किती उंचीवर होतात?"

"साडेचौदा हजार फूट."

"बाहेर पारा?"

"शून्य के आसपास."

"समोर मोठा काळा ढग होता? गोभीच्या फुलासारखा वर चढलेला?"

"नहीं, वही तो!" कॅप्टन उसळले. "वैसा बादल होता तो मैं बच्चा हूँ क्या, जो उसमें घुसता? सीधा-सादा राखी बादल था. हलकी बारिश. थोड़ी नरम बर्फ. झटके भी मामूली."

"रेडिओ?"

कॅप्टन थांबले. "पाँच-सात मिनट से खरखरा रहा था. मैंने आवाज कम कर दी."

"पंख्यांच्या पात्यांवर निळसर उजेड?"

"आपको कैसे मालूम?"

पुनाराम खाली बसला आणि छत्रीच्या टोकाने मातीत एक आडवी रेघ ओढली. "ही शून्य अंशाची पातळी. मंगळवारी नागपूरहून रेडिओवर आलेल्या सकाळच्या खबरीप्रमाणे ती साडेचौदा हजारांवर होती. या रेघेच्या थोडं वर, थोडं खाली ढगात पाणी आणि बर्फ एकत्र नांदतात. एकमेकांना घासतात आणि ढगात वीज साठते. ढग गर्जेलच असं नाही. तो भरून गप्प बसलेला असतो. अशा वेळी आत लोखंड-ॲल्युमिनियमचं एवढं लांब धूड शिरलं की त्या विजेला वाट मिळते. वीज तुम्हाला शोधत आली नाही, साहेब. तुम्ही तिला उठवलंत."

कॅप्टन खुर्चीतून उठून त्या रेघेपाशी आले.

"राखी ढग, शून्याजवळचा पारा, हलका पाऊस, मामूली झटके, रेडिओची खरखर. गर्जनेची वाट पाहणारा माणूस नेमका इथेच फसतो. हा पोरगा म्हणतो, त्याने हेच लिहिलं होतं."

"लिखा होता तो मैं पढ़ता!"

"तुम्ही परची कुठे उभे राहून वाचता?"

"दरवाजे में. पढ़ता हूँ, साइन करता हूँ, जाता हूँ."

"बसून नाही?"

कॅप्टननी मिशीवरून हात फिरवला. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच शंकेची सावली आली. "मैं झूठ नहीं बोल रहा," ते हळू म्हणाले.

"मला ठाऊक आहे. तुम्ही दोघंही खोटं बोलत नाही," पुनाराम म्हणाला, आणि प्रेमलाल चाटच पडला.

४

वसंता कापगते हा रेडिओ ऑपरेटर. कॅम्पमध्ये कुजबुज अशी होती की, त्याच्या साळ्याला निरीक्षकाची जागा हवी आहे. शिवाय गारांच्या वेळी तो ऑफिसच्या बाजूने पळत येताना एकदोघांनी पाहिला होता. प्रेमलालला स्वतःला त्याचाच दाट संशय होता. तसं त्याने पुनारामला आडून सुचवलंही.

"गेलतो ना," वसंताने लगेच कबूल केलं. "लपवाचं काय त्यात? एरियलची तार ऑफिसच्या भिंतीले बांधलेली आहे. गर्जना आयकली तसा तार सोडाले गेलो. इज तारेनं खाली उतरते जी."

"ऑफिसात डोकावला होता?"

"दारातून. टेबलावर कागद होता, त्यावर ठोकळा होता. मंग गारा सुरू झाल्या, म्हून पळालो."

"वाटेत कोणी दिसलं?"

"कोणी नाही. रांधणघराच्या अंगणात काकीचा तवा पडला होता, भाजी चिराची पावशी, भाकरी उलटाचा सराटा, समदं इखुरलेलं. माणूस कोणी नाही." मग तो प्रेमलालकडे वळला. "अन् माह्या साळ्याले गोंदियाले मास्तरकी लागली, मागच्याच महिन्यात. तुले सांगाचं राहूनच गेलं बाप्पा."

प्रेमलाल ओशाळला. पुनारामच्या चेहऱ्यावर मात्र हसू उमटलं होतं आणि ते वसंताच्या साळ्यामुळे नव्हतं.

दुपारी तो प्रेमलालसोबत जेवायला बसला. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, आंब्याची चटणी. तुळसाबाई वाढत होती. बारीक अंगाची, करड्या केसांची बाई. मागच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली पत्र्याचा बिस्किटाचा डबा.

"काकी, वरण लय चांगलं झालं," पुनाराम म्हणाला. "मंगळवारी ऑफिसातून तुम्ही काही नेलं काय?"

तिच्या हातातला वाढायचा डाव पातेल्यावर आपटला.

"मी नाही नेलं काही," ती म्हणाली. "चोरी नाही करत मी, साहेब. उभ्या जन्मात नाही केली."

"हौ. मले ठाव आहे."

पण ती उभीच्या उभी आत निघून गेली. प्रेमलालने हातातला घास ताटात ठेवला. तिने, तुळसाकाकीने? पोराचा हात पोळला म्हणून सूड? परची चुलीत गेली असेल तर आता जगातला कोणताही माणूस ती परत आणू शकणार नव्हता.

५

शुक्रवारी सकाळी पुनाराम हातात होकायंत्र धरून ऑफिस आणि रांधणघर यांच्यामधल्या गवतात फिरू लागला. काही हरवल्यासारखा वाकून, एकेक पाऊल टाकत. माथुर साहेब व्हरांड्यातून पाहत होते आणि आपण बोलावलेल्या माणसाच्या डोक्याची त्यांना चिंता वाटू लागली होती.

"काय शोधून राह्यले जी?" प्रेमलालने विचारलं. "मी कागद शोधला. त्या अंगाले, धावपट्टीपर्यंत."

"पूर्वेकडे. काहून?"

"वारा पश्चिमेचा होता न जी."

"तुह्याच वहीत काय लिहिलंय? अकरा बावन्नले वारा उलटला. गारांचा ढग थंड हवा खाली ओततो, ती जिकडून येते तिकडून वारा. स्वतःचं लिहिलेलं तूच वाचलं नाही, अन् कॅप्टनले नावं ठेवून राह्यला."

प्रेमलालने कपाळावर हात मारून घेतला. ऑफिसला दोन्हीकडे खिडक्या होत्या. पूर्वेचा वारा कागद पश्चिमेला नेणार, आणि पश्चिमेला रांधणघर होतं.

"पण ठोकळा, जी? वारा कागद नेईल, ठोकळा कसा..."

"थांब."

होकायंत्राचा काटा थरथरला, डावीकडे झुकला आणि एका गवताच्या गठ्ठ्याकडे बोट दाखवत थांबला. पुनारामने छत्रीने गवत बाजूला केलं. मऊ मातीत अर्धा रुतलेला, वरून गंजाची लाली चढलेला रुळाचा तुकडा होता. ऑफिसच्या पायरीपासून दहाबारा हातांवर, जसा कोणी दोन्ही हातांनी भिरकावून दिलेला.

"माथुर साहेबाले बोलाव," पुनाराम म्हणाला. "कॅप्टनले, वसंताले पण. रांधणघरापाशी या म्हणाव. अन् घाबरू नको."

६

सगळे अंगणात जमले. तुळसाबाई दारात उभी होती. पुनारामच्या पायाशी ठेवलेला तो ठोकळा पाहताच ती दारातच खाली बसली.

"मीच फेकला," ती रडत म्हणाली. "मीच फेकला, साहेब. तुमची वस्तू. मंगळवारपासून समदे शोधून राह्यले, मले सांगाची हिंमतच नाही झाली."

"काकी, तुम्ही लोखंड काहून फेकलं, ते मी सांगू?" पुनाराम तिच्यासमोर उकिडवा बसला. "माही माय कटंगीले हेच करत होती. गारा पडल्या, इज कडाडली की घरातलं लोखंड अंगणात फेकाचं. तवा, पावशी, पहार, जे हाताले लागंल ते. लोखंड पाहून इज भेते अन् गारा थांबतात. तीस वर्षं मी हवामान खात्यात काढली, पण माह्या घरचा तवा अजून बाहेर पडतोच." मग तो माथुरांकडे वळला. "वसंताने अंगणात तवा, पावशी, सराटा विखुरलेला पाहिला. रांधणारी बाई आपली भांडी अशी टाकत नाही. तेव्हाच मी ओळखलं. घरचं लोखंड संपलं, तरी गारा थांबेनात, तेव्हा..."

"माहा महागू वर होता," तुळसाबाई म्हणाली. "समद्याईचे लेकरं वर होते. तवा फेकला, काही नाही झालं. म्हटलं, मोठं लोखंड पायजे. ऑफिसात धावली, तो ठोकळा उचलला, फेकला. मंग गारा थांबल्या, साहेब. खरंच थांबल्या. अन् विमान आलं."

कॅप्टन भरूचांनी डोक्यावरची टोपी काढली.

"ठोकळा उचलला आणि खालचा कागद मोकळा झाला," पुनाराम पुढे म्हणाला. "पूर्वेच्या वाऱ्याने तो याच बाजूला आणला. काकी, गारांनंतर इथं कुठी एखादा कागद दिसला काय?"

"कागद?" तिने पदराने डोळे पुसले. "हौ, भिंतीले चिकटला होता. वला गच्च. चुलीपाशी वाळवला अन् ठेवून देला."

"ठेवला? जाळला नाही?" प्रेमलालच्या तोंडून निघून गेलं.

तुळसाबाईने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो काही अभद्र बोलला होता. "लिहिलेला कागद चुलीत कसा घालीन, बाबू? मले वाचता नाही येत, पण कोणी तरी लिहिला न तो. बाबासाहेबानं शिका म्हटलं, अन् मी लिहिलेलं जाळू?"

ती आत गेली आणि बिस्किटाचा डबा घेऊन आली. त्यात महागूचा चौथी पास झाल्याचा दाखला होता, कोणाची तरी लग्नपत्रिका, औषधाच्या बाटलीवरचा कागद, जुन्या वहीची पानं. सगळं नीट घडी घातलेलं. आणि सगळ्यात वर, सुरकुतलेली, मंगळवारची परची.

माथुर साहेबांनी ती उघडली. दोन ओळी होत्या. खाली सही होती.

"लेकिन दूसरी लाइन बाद में नहीं लिखी गई, यह कैसे मानूँ?" ते हट्टाने म्हणाले, पण आता त्या हट्टात जोर नव्हता.

"रंग पाहा," पुनाराम म्हणाला. "प्रेमलाल कॉपिंग पेन्सिलीने लिहितो. ती कोरडी असते तोवर अक्षर करडं असतं. पाणी लागलं की जांभळं होतं आणि मग कशाने पुसत नाही. पहिली ओळ जांभळी, दुसरी जांभळी, त्याच पेन्सिलीने केलेली कॅप्टनसाहेबांची सहीही जांभळी. तिन्ही एकाच पाण्याने फुटलेली. तेव्हापासून परची या डब्यात आहे. म्हणजे गारा पडल्या तेव्हा दुसरी ओळ तिथे होतीच, आणि सहीच्या शेपटाने तिचा शेवटचा शब्दही कापलाय. सही ओळीच्या नंतरची."

कॅप्टननी परची हातात घेतली. दोन्ही ओळी त्यांनी मोठ्याने वाचल्या.

"पहली लाइन पढ़ी," ते म्हणाले. "गर्जना नहीं है, यही देखा और खुश हो गया. बीस साल से यही करता आया हूँ." मग ते प्रेमलालसमोर गेले आणि त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "रामटेके, मुझे माफ करना. और शुक्रिया. तुमने तो बता ही दिया था, मैंने सुना नहीं."

माथुर साहेब चष्मा पुसत उभे होते. "रिपोर्ट मैं दोबारा लिखूँगा," ते म्हणाले. "चेतावनी दी गई थी, सही थी, और उस पर साइन भी है. पक्की नौकरी की सिफारिश भी उसी में जाएगी."

प्रेमलाल तुळसाबाईसमोर गेला आणि हात जोडून उभा राहिला.

"काकी, मले वाटलं तुमचा माह्यावर राग आहे."

"तुह्यावर? काहून?" ती चकित झाली. "मले वाटलं ठोकळा तुहा होता, तुले बोलणे बसून राह्यले माह्यापायी. म्हून तोंड दाखवत नव्हती."

७

पुनाराम लांजेवार शनिवारी सकाळच्या बसने गेला. काय द्यावं असं माथुर साहेबांनी विचारलं, तेव्हा त्याने तुळसाबाईच्या हातची आंब्याची चटणी बरणीभर मागून घेतली. बस सुटताना प्रेमलाल खिडकीशी उभा राहून काही बोलू लागला, तसा म्हातारा हसला.

"मले नको सांगू. तुही परची तुह्याच वहीनं सापडली. भर गारांत घड्याळ पाहणारा माणूस आपल्या खात्यात आहे हे पाहून बरं वाटलं. बापाले चिठ्ठी लिही."

दुपारी जीप महागूला घेऊन आली. उजव्या हाताला पट्टी होती, पण बोटं हलत होती. तुळसाबाईने त्याला अंगणात उभं करून पाणी ओवाळून टाकलं आणि मग सगळ्या कॅम्पला गूळ वाटला. कॅप्टन भरूचांनी दोन खडे घेतले.

सोमवारपर्यंत रेडिओ दुरुस्त झाला आणि विमानाच्या पोलादातलं चुंबकत्व काढून होकायंत्रही ताळ्यावर आणलं. विमान पुन्हा उडणार होतं. सकाळी पावणेनऊला कॅप्टन दारात आले, थबकले आणि खुर्ची ओढून टेबलाशी बसले. परचीवर तीन ओळी होत्या. त्यांनी तिन्ही मोठ्याने वाचल्या, तिसऱ्या ओळीबद्दल दोन प्रश्न विचारले आणि सही केली. परचीवर प्रेमलालने मँगनीजचा दगड ठेवला.

विमान वर गेलं तसा प्रेमलाल रुळाचा तुकडा उचलून रांधणघरात गेला. रात्रभर घासून त्याने त्याचा गंज काढला होता. चुलीच्या बाजूला, तसबिरीखाली, त्याने तो ठेवला.

"हे काय, बाबू?"

"हा आता तुमचा, काकी. साहेबाले इचारलं मी. पुढच्या बारीले गारा आल्या तर ऑफिसापर्यंत धावाचं काम नाही. इथूनच फेकजा."

तुळसाबाईने ठोकळ्यावरून हात फिरवला. मग तिला शंका आली. "अन् तुह्या कागदावर काय ठेवशीन?"

"दगड. दगड तर नाही न फेकत तुम्ही?"

"दगडाले इज कुठी भेते, बाप्पा!" ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. आणि ताट वाढायला घेत म्हणाली, "बस. आज भात जरा जास्त घे."